वसईच्या धर्मग्राम शाळांतील मराठी वर्ग : प्रार्थना आणि वाचन एकाच लिपीत

सुरूबन (धागाकर्ती)

मी वसईतील एका धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चभोवतीच्या कॅथोलिक वस्तीच्या, मराठी प्राथमिक शाळेत शिकले आणि पुढे तशाच एका शाळेत निवृत्तीपर्यंत शिकवले. या शाळांविषयी जे लिहिले जाते ते बहुतेक वेळा शिस्त, सिस्टर आणि नाताळचा कार्यक्रम एवढ्यावरच थांबते. वर्गात मूल नेमके कसे शिकत होते, याची नोंद फारशी वाचायला मिळत नाही. या शाळांचे मराठी वर्ग आता एकेक करून रोडावत आहेत, तेव्हा ज्यांनी ते वर्ग आतून पाहिले त्यांनीच ही नोंद करायला हवी, म्हणून हा धागा काढत आहे. आठवणी आणि मतभेद दोन्हींचे स्वागत आहे. फक्त चर्चा वर्गातल्या शिकण्याभोवती राहावी, एवढी विनंती.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. मूल ज्या भाषेत आणि ज्या लिपीत प्रार्थना शिकत होते, त्याच भाषेत आणि त्याच लिपीत ते वाचायलाही शिकत होते, हे आमच्या वर्गाचे सर्वांत मोठे बळ होते. बाहेरून पाहणाऱ्याला ही साधी गोष्ट वाटेल, पण पहिलीचा वर्ग ज्याने हाताळला आहे त्याला तिचे मोल कळेल.

आमच्या पट्ट्यात घरची बोली प्रमाण मराठी नव्हे. तालुक्याच्या उत्तरेकडे, नंदाखाल, निर्मळ, गास, भुईगाव या बाजूला सामवेदी म्हणजेच कादोडी बोलली जाते, आणि ती ख्रिस्ती कुपारी समाजाइतकीच सामवेदी ब्राह्मण समाजाचीही बोली आहे. दक्षिणेकडे वाडवळी, आणि पाचूबंदरच्या ख्रिस्ती कोळी वस्तीत आणखी वेगळा बाज. अशा घरातून जूनमध्ये पहिलीत येणाऱ्या मुलाला बालभारतीच्या पुस्तकातली वाक्ये अर्धवटच ओळखीची वाटतात. मात्र संध्याकाळी घरात होणारी जपमाळ, म्हणजे माळेच्या मण्यांवर म्हटली जाणारी मरियेची प्रार्थना, प्रमाण मराठीत असते. आजीच्या मांडीवर बसून पेंगताना का होईना, त्या मुलाने 'नमो मारिया' शेकडो वेळा ऐकलेले असते. म्हणजे प्रमाण मराठीची लांब, रचलेली वाक्ये त्याच्या कानात आधीच साठलेली असतात. शिक्षकाने ती फक्त कागदावर उतरवून दाखवायची.

हे कसे करायचे ते मला माझ्या एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी दाखवले. दिवाळीनंतर, मुळाक्षरे आणि बाराखडी बऱ्यापैकी झाली की एका कागदी पट्टीवर ठळक अक्षरांत 'पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने' एवढेच लिहायचे. कॅथोलिक मूल दिवसातून कितीतरी वेळा क्रूसाची खूण करताना हे म्हणते. पण पाठ असलेल्या मजकुराची अडचण अशी की बोट पहिल्या शब्दावर असतानाच तोंड शेवटच्या शब्दावर पोहोचते, आणि मूल वाचते आहे असा आपला समज होतो. म्हणून त्या बाई वहीच्या जुन्या पुठ्ठ्यात एका शब्दाएवढी खिडकी कापत आणि ती पट्टीवर ठेवून मागेपुढे सरकवत. खिडकीत कधी 'पवित्र' यायचे, कधी 'पुत्राच्या', कधी 'पित्याच्या'. तिन्ही शब्द 'प'ने सुरू होतात, त्यामुळे मुलाला वेलांटी आहे की उकार आहे, खाली 'त्र' आहे की 'त्य' आहे, हे डोळे रोखून पाहावेच लागे. 'आत्म्याच्या' या शब्दात तर तीन व्यंजने एकत्र येतात. पाठ्यपुस्तकात जोडाक्षरे रीतसर सुरू होण्याआधी आमची बरीच मुले ती ओळखू लागलेली असत, आणि जोडाक्षरांची ती नेहमीची भीती त्यांना शिवतच नसे.

तिसरीच्या वर्षी पहिल्या ख्रिस्तप्रसादाची, म्हणजे अभिमंत्रित भाकर प्रथमच ग्रहण करण्याच्या संस्काराची, तयारी असे. पूर्वी हा संस्कार बऱ्याच मोठ्या वयात दिला जाई. पोप दहावे पायस यांनी १९१० साली तो साधारण सात वर्षांच्या, म्हणजे समज आलेल्या मुलाला द्यावा असे ठरवले. त्यामुळे जगभरातल्या कॅथोलिक शाळांत ही तयारी मूल स्वतंत्रपणे वाचू लागते त्याच वयात येऊन पडली. आमच्याकडे सिस्टर अभिमंत्रित न केलेल्या, साध्या पिठाच्या चकत्या घेऊन वर्गात येत. डावा तळवा वर, उजवा खाली. धर्मगुरूंचे 'ख्रिस्ताचे शरीर' हे शब्द पूर्ण होईपर्यंत थांबायचे, मग स्पष्ट 'आमेन' म्हणायचे आणि तिथेच उभे राहून सेवन करायचे, चालता चालता नाही. वर्गातली सर्वांत धांदरट मुलेसुद्धा त्या सरावात समोरच्याचे वाक्य संपेपर्यंत थांबायला शिकत. ही सवय पुढे गणिताच्या शाब्दिक उदाहरणांतही दिसे: प्रश्न पूर्ण वाचून झाल्यावरच पेन्सिल उचलली जाई.

चौथीतल्या मुलांना बालकांच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, वाचन मिळे. छोटे मूल पाटावर उभे राहून ध्वनिक्षेपकासमोर बायबलच्या जुन्या करारातला उतारा वाचते आणि समोर त्याचेच आईवडील, शेजारी, दूधवाले काका ऐकत बसलेले असतात. वर्गातल्या प्रकटवाचनात चूक झाली तर फक्त बाई ऐकतात. इथे सारे गाव ऐकते. त्यामुळे मुले शनिवारी स्वतःहून थांबून सराव करत. विरामचिन्हे का असतात, हे मला त्यांना कधी वेगळे शिकवावे लागले नाही.

आगाशीचा_विद्यार्थी

बाई, धाग्याबद्दल मनापासून आभार. मी कॅथोलिक नाही. आमचे घर भंडारी समाजाचे, आणि तालुक्यातल्या एका धर्मग्राम शाळेत मी पहिली ते चौथी शिकलो. तुम्ही वर्णन केलेले बळ माझ्यासारख्या मुलांना मिळत नसे, हे नोंदवावेसे वाटते. मात्र ते तक्रारीच्या सुरात नाही.

धर्मशिक्षणाच्या तासाला कॅथोलिक मुले वर्गातच राहत आणि आम्ही काही जण शेजारच्या खोलीत नीतिशिक्षणाला जात असू. तिथे एक बाई गोष्टी सांगत, आणि मग त्या गोष्टीतल्या प्रसंगावर आमच्याशी बोलत. एखादा मुलगा म्हणाला की गोष्टीतल्या लाकूडतोड्याने खोटे बोलायला हरकत नव्हती, तर त्याला गप्प न करता तसे का वाटते ते विचारत. आजही मला असे वाटते की त्या तासाला आमच्याशी जेवढा संवाद झाला तेवढा शेजारच्या वर्गात होत नसावा, कारण तिथून प्रश्नोत्तरे एका सुरात ऐकू येत. माझा कॅथोलिक बाकमित्र मला मधल्या सुट्टीत विचारायचा, 'आज तुमची गोष्ट कुठली झाली?'

पठणाचा फायदा मला वेगळ्या वाटेने मिळाला. आमच्या घरी आजोबा हरिपाठ म्हणत. वर्गबाईंना ते कळले तेव्हा त्यांनी मला घरून हरिपाठाची पोथी आणायला सांगितली आणि त्यातल्या ओळी मला शिकवणीच्या वेळी वाचायला लावल्या. कॅथोलिक शाळेतल्या ख्रिस्ती बाईंनी हे केले, आणि त्यात त्यांना काही विशेष केल्यासारखे वाटले नाही.

तटस्थ_वाचक

चर्चा चांगली चालली आहे, पण एक प्रश्न बाजूला राहू नये असे वाटते. या शाळा अनुदानित आहेत, म्हणजे शिक्षकांचा पगार सार्वजनिक पैशांतून होतो. अशा शाळेच्या वर्गात, वाचन शिकवण्याच्या निमित्ताने का होईना, एका धर्माची प्रार्थना फळ्यावर यावी का? वर बाईंनी सांगितलेली खिडकीची युक्ती शैक्षणिक दृष्टीने मला पटली. मात्र ज्या वेळी ती पट्टी वर्गात फिरत होती, त्या वेळी वर्गातले वारली किंवा भंडारी मूल काय करत होते?

सुरूबन (धागाकर्ती)

@तटस्थ_वाचक, प्रश्न रास्त आहे आणि तो टाळण्याचे कारण नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३०(१)नुसार अल्पसंख्याकांना आपल्या शाळा स्थापण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. त्याचबरोबर अनुच्छेद २८(३) सांगते की राज्याची मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत कोणालाही त्याच्या, आणि तो अज्ञान असेल तर पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. दोन्ही अनुच्छेद एकत्रच वाचायला हवेत. आमच्या शाळेत पालकांकडून प्रवेशाच्या वेळीच लेखी विचारणा होई. प्रार्थनेची पट्टी धर्मशिक्षणाच्या तासालाच निघत असे, भाषेच्या तासाला नव्हे. भाषेच्या तासाला तीच खिडकी बालभारतीच्या कवितेवर सर्वांसाठी चाले, कारण पाठ असलेली कोणतीही कविता त्या कामी येते.

एप्रिल २०२४ मध्ये भारतीय कॅथोलिक बिशप परिषदेच्या शिक्षण विभागाने आपल्या शाळांना मार्गदर्शक सूचना दिल्या. इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांवर आपल्या परंपरा लादू नयेत, परिपाठात रोज घटनेच्या उद्देशिकेचे वाचन व्हावे, सर्वधर्मीय प्रार्थनेसाठी शाळेत जागा असावी, असे त्यात म्हटले आहे. चांगल्या शाळांत यांतले बरेचसे आधीपासून होतेच. ते लेखी झाले हे अधिक बरे.

आणि @आगाशीचा_विद्यार्थी, तुमच्या वर्गबाईंचे मला फार कौतुक वाटले. मुलाला जे पाठ आहे तिथून वाचन सुरू करायचे, हेच तर सारे तत्त्व आहे. ते जपमाळेवर जसे लागू पडते तसेच हरिपाठावर.

एकसुरी प्रश्नोत्तरांबद्दल तुम्ही लिहिले ते खरे आहे. धर्मशिक्षण दीर्घकाळ घोकंपट्टीचे होते आणि काही ठिकाणी अजूनही आहे. पाठांतर ही वाचनाची पायरी म्हणून उत्तम आहे, परंतु आशयाची समज त्यातून आपोआप येत नाही. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात मुले डब्यात पैसे साठवतात, तेव्हा ते कोणासाठी, याचे उत्तर घोकून देणारे मूल आणि शेजारच्या बाकावरच्या मित्राकडे मोजपट्टी नाही हे आपणहून पाहणारे मूल, या दोघांत फरक आहे. तो फरक संवादाच्या तासातूनच पडतो.

दोन_मुलांची_आई

मी वसईचीच, वाडवळी घरातली. माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले, पण दोन्ही मुले इंग्रजी माध्यमात आहेत, आणि तो निर्णय मी पूर्ण विचाराने घेतला आहे. आमच्या आधीच्या पिढीतल्या बाया भाजी आणि फुले घेऊन पहाटेच्या लोकलने दादरला जात. त्यांची मुले मराठी शाळेतून शिकून बँकेत, पालिकेत, शाळांत लागली, हे खरे. पण आता नोकऱ्या ज्या क्षेत्रांत आहेत तिथे इंग्रजीवाचून पुढे सरकता येत नाही, आणि दहावीनंतर एकदम इंग्रजीत जाताना माझी जी ओढाताण झाली ती मुलांची होऊ नये, असे मला वाटते. यात मराठीचा द्वेष नाही.

तरीही हा धागा वाचताना एक गोष्ट मनाला लागली. माझी धाकटी दुसरीत आहे. ती शाळेत इंग्रजीत प्रार्थना शिकते, रविवारी मराठी मिस्सेला येते तेव्हा ओठ हलवत नुसती उभी राहते, आणि घरी आजीच्या जपमाळेत तिला उत्तराची बाजू, म्हणजे प्रार्थनेचा इतरांनी म्हणायचा भाग, धड म्हणता येत नाही. वाचते ती इंग्रजीत, प्रार्थना दोन अर्धवट भाषांत, आणि बोलते वाडवळीत. तिला मराठी वाचता यावे असे मला वाटते, पण शिकवणीचा आणखी एक तास तिच्यावर लादायचा नाही. बाई, काही मार्ग सुचत असेल तर जरूर सांगा.

निवृत्त_मुख्याध्यापक

मी धर्मग्राम शाळेत नव्हतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो आणि याच तालुक्यात काम केले. पालकांच्या निर्णयाचा मी आदर करतो, पण दोन गोष्टी सांगतो, कारण त्या अनेकांना ठाऊक नसतात.

एक म्हणजे, महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांतही २००० सालापासून इंग्रजी हा विषय पहिलीपासून आहे. आम्ही शिकलो तेव्हा ए-बी-सी-डी पाचवीत समोर येई. ते दिवस केव्हाच गेले. शिवाय सेमी इंग्रजीचा पर्याय आहे, ज्यात गणित आणि विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी विषय मराठीतून शिकवले जातात. वसईतल्या ज्या मराठी शाळा तगून आहेत त्यांतल्या बऱ्याच या वाटेने तगल्या आहेत.

दुसरी गोष्ट शाळा बंद कशी पडते याविषयी. ती एका दिवसात बंद होत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे प्राथमिक स्तरावर ६० पटापर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार, असे गणित आहे. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटानुसार शिक्षकपदे मंजूर होतात तेव्हा, पद कमी होते आणि शिक्षक अतिरिक्त ठरतो. मग दोन इयत्ता एका खोलीत बसतात. ते पाहून आणखी चार पालक मूल काढून घेतात आणि पट पुन्हा घसरतो. शाळेची गुणवत्ता ढासळली म्हणून पट गेला असे लोक म्हणतात. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी आधी पट गेला, मग शिक्षक गेला आणि शेवटी गुणवत्ता गेली. ज्या धर्मग्रामात इंग्रजी आणि मराठी दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत, तिथे तर ही घसरण एका भिंतीच्या अंतरावर डोळ्यांना दिसते.

तिसवाडीकर

गोव्याचा अनुभव या संदर्भात मुद्दाम सांगण्यासारखा आहे, कारण तिथे धागाकर्तीच्या म्हणण्याची उलटी बाजू दिसते.

१९९० साली, शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना, गोवा सरकारने प्राथमिक स्तरावर फक्त प्रादेशिक भाषांतल्या, म्हणजे कोकणी आणि मराठी माध्यमाच्या, शाळांना अनुदान देण्याचे धोरण घेतले. धर्मप्रांताच्या शाळांनी तेव्हा इंग्रजी सोडून कोकणी माध्यम स्वीकारले. वरवर पाहता मुलाची प्रार्थनेची भाषा आणि शाळेची भाषा एक झाली. पण शाळेतली कोकणी देवनागरी लिपीत होती, आणि चर्चमधली प्रार्थनेची, गीतांची पुस्तके रोमी लिपीत, म्हणजे इंग्रजीच्या अक्षरांत, होती, आजही आहेत. मूल शाळेत देवनागरीत वाचायला शिके आणि रविवारी हातात येणारे पुस्तक त्याला उघडता येत नसे. घरात आजोबा जे कोकणी नियतकालिक वाचत तेही रोमी लिपीतले. त्यामुळे शाळेत शिकलेले वाचन घरी आणि देवळात वापरायला जागाच उरली नाही, आणि अनेक पालकांच्या लेखी कोकणी माध्यम म्हणजे चौथीपर्यंत कसेबसे काढायचे दिवस झाले, कारण पाचवीत इंग्रजी वाट पाहतच होती. २०११ साली सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान खुले केल्यावर धर्मप्रांताच्या शाळा पुन्हा इंग्रजीकडे वळल्या.

लिपीचा हा मुद्दा एकट्यानेच सारे घडवतो असे मी म्हणणार नाही. नोकऱ्या, स्थलांतर, प्रतिष्ठा ही कारणे मोठी आहेतच. परंतु वसईच्या मुलाला पट्टी, पाठ्यपुस्तक आणि मिस्सेचे पुस्तक एकाच अक्षरवळणात मिळाले, हे भाग्य आमच्या मुलांना मिळाले नाही.

जाता जाता आणखी एक. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चना जोडून ज्या शाळा असत, तिथे मेस्त, म्हणजे चर्चचे संगीतशिक्षक, मुलांना प्रार्थनेबरोबर स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. अक्षरओळख कमी आणि स्वरओळख पक्की, अशी कित्येक मुले तिथून निघाली आणि पुढे मुंबईच्या वाद्यवृंदांत, चित्रपटसंगीतात वाजवू लागली. धर्मग्रामाच्या वर्गात जे रोज वापरावे लागते तेच मुलाच्या अंगी मुरते, याचे हे दुसरे उदाहरण.

मिशिगनकर

मी मूळचा वसईचा, सध्या अमेरिकेत मिशिगन राज्यात राहतो, आणि माझी मुलगी इथल्या एका धर्मग्राम शाळेत तिसरीत आहे. इथला वर्ग कसा चालतो ते थोडक्यात लिहितो, कारण भाषेचा हाच प्रश्न या देशात पूर्वी येऊन गेला आहे.

बाल्टिमोर येथे १८८४ साली भरलेल्या बिशपांच्या परिषदेने प्रत्येक चर्चजवळ शाळा असावी असा दंडक घातला. त्या काळी इथे येणारे कॅथोलिक लोक जर्मन, पोलिश, इटालियन होते, आणि प्रत्येकाचे धर्मग्राम वेगळे होते. जर्मन धर्मग्रामाच्या शाळेत मूल जर्मनमध्ये प्रार्थना आणि वाचन शिके, पोलिश शाळेत पोलिशमध्ये. आमच्या घराजवळच्या हॅमट्रॅमिक गावात पोलिश वस्ती एवढी दाट होती की चर्च, शाळा आणि दुकान तिन्ही ठिकाणी एकच भाषा चाले. पहिल्या महायुद्धात जर्मनविरोधी लाट आली आणि काही राज्यांनी लहान मुलांना परकी भाषा शिकवण्यावर बंदी घातली. १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी बंदी घटनाबाह्य ठरवली. तो खटला नेब्रास्कातल्या एका ल्युथरन शाळेच्या शिक्षकाचा होता, पण त्याचा आधार कॅथोलिक शाळांनाही मिळाला. निकाल भाषेच्या बाजूने लागला तरी घरांनी भाषा सोडायला सुरुवात केलेली होती. दोन पिढ्यांत त्या शाळा इंग्रजी झाल्या.

आता माझ्या मुलीच्या वर्गाविषयी. इथे शासन शिक्षकांचा पगार देत नाही, त्यामुळे फी भरावी लागते आणि पट टिकवणे हीच मुख्य चिंता असते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला देशभरातल्या कॅथोलिक शाळांत ५० लाखांहून अधिक मुले होती. आज ती संख्या १७ लाखांच्या आत आहे. तेव्हा बहुतेक वर्ग सिस्टर घेत, आता जवळजवळ सगळे शिक्षक प्रापंचिक आहेत. आठवड्यातून एकदा सगळी शाळा मिस्सेला जाते. आठवीतल्या प्रत्येक मुलाला बालवर्गातले एक मूल सोपवलेले असते. ते मोठे मूल लहानाला शेजारी घेऊन बसते, पुस्तकाचे पान उघडून देते आणि ओळीखालून बोट फिरवते. बाईंची खिडकी वाचली तेव्हा मला ते बोट आठवले.

माझी मुलगी प्रार्थना आणि वाचन दोन्ही इंग्रजीत शिकते, म्हणजे बाईंचे तत्त्व इथे पाळले जाते, फक्त भाषा आमची नाही. घरी रात्री आम्ही जपमाळेचे एक दशक, म्हणजे दहा मणी, मराठीत म्हणतो. मराठी अक्षरे तिला येत नाहीत, पण कान तयार होतो आहे, एवढे समाधान.

तटस्थ_वाचक

@सुरूबन, अनुच्छेद आणि वर्गातली व्यवस्था दोन्ही स्पष्ट केलीत, माझे समाधान झाले. एक बारीक शंका. मिस्सा तर पूर्वी लॅटिनमध्ये असे. मग प्रार्थनेची आणि वाचनाची भाषा एक असण्याची गोष्ट किती जुनी म्हणायची?

सुरूबन (धागाकर्ती)

शंका अचूक आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी संमत केला, आणि त्यानंतर मिस्सा लोकभाषेत येऊ लागली. घरातली जपमाळ आणि गीते त्याआधीही मराठीत होती, पण चौथीतल्या मुलाने देवळात उभे राहून मराठी उतारा वाचणे हे त्यानंतरचे. म्हणजे मी ज्याचे वर्णन केले तो काळ दोन-अडीच पिढ्यांचाच आहे. वसईतली मराठी लिहिणारी ख्रिस्ती मंडळी याच मुशीत घडली, असे मला वाटते. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ते स्वतः या बदलाआधीच्या शाळेतले. मात्र त्यांनी 'सुवार्ता' मासिकाचे संपादन केले त्या काळात त्यांना जो वाचक गावोगावी मिळाला, तो मोठ्या प्रमाणात या वर्गांनी तयार केलेला होता.

@दोन_मुलांची_आई, तुमच्या निर्णयाला नावे ठेवण्याचा मला काहीच अधिकार नाही, आणि मुलीवर आणखी एक तास लादू नये हे तुमचे म्हणणे योग्य आहे. मी माझ्या नातवासाठी जे करते ते सांगते.

अक्षरांपासून सुरुवात करू नका. तिला इंग्रजी वाचता येते, म्हणजे चिन्हातून आवाज निघतो हे तिला कळलेले आहे. ते पुन्हा शिकवायला नको. आधी कान. आजीच्या जपमाळेत उत्तराची बाजू तिला एकटीने म्हणायला लावू नका, आजीबरोबर म्हणू द्या, एक दशक पुरे. ओठ अडखळायचे थांबले की तोच मजकूर एका कागदावर ठळक, शब्दांत भरपूर जागा सोडून तुमच्या हाताने लिहा आणि आजीच्या हातात द्या, मुलीच्या नव्हे. आजीने म्हणताना शब्दांखालून बोट फिरवायचे. मुलगी आपणहून वाकून पाहू लागेल. मग खिडकीचा पुठ्ठा करा आणि तिलाच सांगा की आजीची परीक्षा घे. मुलाला परीक्षक केले की ते मोठ्यांपेक्षा बारकाईने पाहते. या टप्प्यावर जी अक्षरे तिला अडतील तेवढीच वेगळी काढून दाखवा. बहुतेक मुलांना ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी आणि रफार अडतो.

घरात वाडवळी बोलणे चालू ठेवा. काही पालक प्रमाण मराठी यावी म्हणून बोली बंद करतात; त्याने मूल दोन्हीकडून तुटते. प्रार्थनेतल्या एखाद्या ओळीचा अर्थ तिने विचारला तर तो वाडवळीतच सांगा, मी वर्गातही तसेच करत असे.

वर्षभराने तुमच्या धर्मग्रामाच्या बालकांच्या मिस्सेत तिला वाचन द्यायला फादरांना सांगा. पहिल्या खेपेला विश्वासूंच्या प्रार्थनांमधली, म्हणजे मिस्सेत भाविकांच्या वतीने केल्या जाणाऱ्या विनंत्यांमधली, एकच विनंती द्या, तीन ओळींहून लांब नको. जुन्या करारातला उतारा लगेच घेऊ नका, कारण त्यात लांबलचक विशेषनामे येतात आणि मूल पहिल्याच नावावर थबकले की पुढचे सारे वाचन घाईत उरकते. कागद मात्र तिच्याच अक्षरांत लिहिलेला असू द्या. स्वतः लिहिलेले वाचताना मुले सहसा अडखळत नाहीत.

दोन_मुलांची_आई

बाई, आभारी आहे. आजीला परीक्षेला बसवायची कल्पना सासूबाईंना वाचून दाखवली. त्यांनी चष्मा शोधायला घेतला आहे. पुठ्ठा आज रात्री कापते.